झाकण उचललंस का?

अन्याय झाला तो वासुदेव रामकृष्ण धामणकर यांच्यावर. देवदिवाळीनंतरच्या मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमाराला, गंगेपलीकडे रामनगरच्या एका फाउंड्रीच्या आवारात. त्यांनी सदतीस वर्षांत हाताने घडवलेले लाकडी फर्मे माळ्यावरून खाली फेकले गेले, कुऱ्हाडीने फोडले गेले आणि थंडीसाठी पेटवलेल्या शेकोटीत घातले गेले. पंपांचे फर्मे, पुलींचे, गटारांवरच्या झाकणांचे. वासुदेवराव त्या वेळी तिथे हजर होते. त्यांनी काही केलं नाही. एक स्टूल ओढून घेतलं, शेकोटीजवळ बसले आणि हात शेकले. शेजारी त्यांचे जुने सोबती लालजी मिस्तरी बसले होते. त्यांना म्हणाले, "सागवान है. धुआँ कम देगा."

हे मी पत्रकासारखं सुरू केलंय: कोण, कुठे, केव्हा. आठ वर्षं आमच्या मोहल्ला समितीची पत्रकंच लिहीत आले, दुसरी रीत हाताला नाही. पत्रकात यानंतर लगेच गुन्हेगाराचं नाव येतं. इथे ते जरा उशिरा येईल.

वासुदेवराव म्हणजे माझे नाना, वडिलांचे थोरले भाऊ. ते पौषात गेले. सकाळी दहाला मी छापखान्यात उभी होते, हातात ओलं प्रूफ होतं. धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, नाना गेले. चहा पिता पिता गेले." मी विचारलं, "कप फुटला का?" असं का विचारलं ते मला आजही सांगता येणार नाही. तो म्हणाला, "नाही... खाली ठेवला होता." मग मी प्रूफ तपासून दिलं, सही केली आणि सायकल काढली. वाटेत एवढंच डोक्यात होतं की हे नानांचंच काम. हातातली वस्तू नीट टेकवल्याशिवाय ते कुठेच गेले नसते.

आमचं घर बनारसला, अहिल्याबाई घाटाच्या वरच्या गल्लीत. महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात, त्यांचे विधी करायचे, त्यांना उतरायला खोल्या द्यायच्या, चोपड्यांत त्यांच्या घराण्यांची नावं लिहून ठेवायची, हा चार पिढ्यांचा धंदा. नाना थोरले, म्हणजे गादी त्यांची. सगळं मुखोद्गत होतं, आवाज चांगला होता. आणि सतराव्या वर्षी त्यांनी आजोबांना सांगितलं की मी रामनगरला एका मिस्तरीच्या हाताखाली लाकूडकाम शिकायला जाणार. आजोबांना वाटलं, पोराला कुणीतरी काही खायला घातलं. "का रे? इथे काय कमी आहे?" नाना म्हणाले, "इथे चुकलं तर ते फक्त मला कळतं. यजमान नमस्कार करून जातो. तिथे चुकलं तर लोखंड सांगतं." आजोबा पुढे सव्वा वर्ष त्यांच्याशी बोलले नाहीत. पंगतीत पान मात्र आजोबांच्या शेजारीच मांडलं जायचं, कारण ते थोरल्याचं पान होतं. दोघं खांद्याला खांदा लावून मुकाट्याने जेवत. आत्या सांगायची, त्या दिवसांत आमच्याकडे जेवण फार लवकर उरकायचं.

थंडीत आणि उन्हाळ्यात पिंपांवर तरंगणारा पीपेवाला पूल, पावसाळ्यात नदी जाऊ देईल तर नाव, नाहीतर लांबचा फेरा. पक्का पूल झाल्यावर सायकल. नाना असे सदतीस वर्षं नदी ओलांडत राहिले. फाउंड्रीत त्यांना सगळे पंडितजी म्हणायचे. घरी, ते समोर नसताना, भाऊबंद त्यांना सुतार म्हणायचे. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती आणि दोन्हींना ते सारखीच मान हलवायचे.

फर्मा म्हणजे काय ते सांगते, कारण मला स्वतःला पंचविशीपर्यंत ते धड माहीत नव्हतं. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिच्यासारखी लाकडाची वस्तू करायची. ती ओल्या वाळूत दाबायची आणि अलगद काढून घ्यायची. वाळूत जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं लोखंड जातं. वस्तू बाजारात जाते, फर्मा माळ्यावर जातो, आणि तो करणाऱ्याचं नाव कुठेच जात नाही. शिवाय लोखंड थंड होताना आकसतं, फुटामागे साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. म्हणून फर्मा तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी आकडेमोड नको म्हणून या लोकांची फुटपट्टीच मुद्दाम लांब केलेली असते. दिसायला साधी, पण तिच्यावरचा फूट म्हणजे जगाचा एक फूट आणि वर एक सूत. या पट्टीपायी आमच्या घरात एक गोष्ट झाली, ती अजून सांगितली जाते. आजोबांशी बोलणं सुरू व्हावं म्हणून नानांनी त्यांच्यासाठी सागवानी देव्हारा केला. सहा महिने, रोज घरी येऊन, दिवेलागणीनंतर. कोनाडा मोजला, माप लिहून ठेवलं, कोरीव खांब काढले, घुमट चढवला. पाडव्याला सगळ्यांसमोर देव्हारा उचलून कोनाड्यात सरकवायला गेले, आणि तो जाईना. तीन सूत मोठा. कोनाडा त्यांनी घरातल्या पट्टीने मोजला होता आणि लाकूड कापलं होतं फाउंड्रीच्या पट्टीने. आजोबांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं, कोनाड्याकडे पाहिलं, आणि सव्वा वर्षात पहिल्यांदा मुलाशी बोलले: "वासुदेवा, देव थंड झाले की बसेल का रे?"

देव्हारा कोनाड्यासमोर पाटावर ठेवला गेला. अजून तिथेच आहे. नानांनी तो कापून लहान करायला नकार दिला. म्हणाले, चूक दिसली पाहिजे.

आता झाकणं. शहरातल्या गल्ल्यांमधली गटारं बंदिस्त झाली तेव्हा एका ठेकेदारामार्फत झाकणांचं काम त्या फाउंड्रीला मिळालं. गोल झाकण, गोल चौकट. फर्मा नानांचा. पण ओतलेलं लोखंड थंड होताना थोडं वाकतं, मुरडतं, आणि झाकण चौकटीवर ठेवलं की एका बाजूने उचललेलं राहतं. पाय पडला की खड् वाजतं. दुसरीकडे अशी झाकणं वाजतात आणि लोकांना त्याची सवय होते. नानांनी रीत घालून दिली ती अशी: प्रत्येक झाकण त्याच्या चौकटीवर ठेवायचं, मधे बारीक वाळू आणि पाणी टाकायचं, आणि दोघांनी समोरासमोर बसून पहारी अडकवून ते फिरवत राहायचं. जातं फिरवल्यासारखं. दोन्ही कडा एकमेकींना घासून बसेपर्यंत. मग ती दोघं जोडीची झाली. ती जोडी ओळखता यावी म्हणून नानांनी पोलादाचे नखाएवढे ठसे केले होते: मासा, पान, पणती, डमरू. जोडीला एक ठसा आणि सोबत ठिपके. झाकणाच्या कडेवर एकदा, चौकटीच्या कडेवर एकदा. खुणेसमोर खूण आली की झाकण बसलं. हलणार नाही.

लालजी मिस्तरी वाळूचं काम करायचे आणि झाकण फिरवायला नानांच्या समोर तेच बसायचे. हात भरून आले की कुरकुरायचे. "पंडितजी, नाली का ढक्कन है. शिवजी का मुकुट नहीं."

"मुकुट पर कोई पैर नहीं रखता, लालजी. इस पर रखेगा. घुमाओ."

जुने मालक वारले, त्यांचा मुलगा आला. तो वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. ज्या पत्रकाचं पुढे सांगणार आहे त्यात हे लिहिलं नव्हतं. त्याने नानांना बसवून नीट विचारलं होतं, "पंडितजी, आजकल हर चीज़ हर जगह लगनी चाहिए. कोई भी ढक्कन, कोई भी चौखट. ये जोड़ी-वोड़ी कब तक?" नानांना ते पटलं होतं. ते म्हणाले, "सही बात है. खरादने की मशीन मँगवा दीजिए, सब एक नाप के कर देंगे. फिर निशान भी नहीं लगेगा." ती लेथ मशीन आली नाही. जोड्या घासणं चालू राहिलं. माझे काही मित्र नानांना जुन्या काळातला माणूस समजतात, त्यांना मी हे सांगते. नव्याला त्यांचा विरोध नव्हता. जुनं बंद आणि नवं आणलेलंही नाही, या मधल्या अवस्थेला होता.

आता माझ्याकडे येते. मणिकर्णिकेकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी गुलाबो नावाची बाई फुलं विकते. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, टोपली डोक्यावर घेऊन निघाली असताना, तिचा पाय झाकणावर पडला, झाकण कलंडलं आणि मांडीपर्यंत पाय आत गेला. नडगी मोडली. मी तासाभरात तिथे पोचले, फोटो काढले, गुलाबोशी बोलले, दुकानदारांशी बोलले, झाकणावर फाउंड्रीचं नाव उठवलेलं होतं ते टिपून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत पत्रक लिहून मोकळी झाले. मथळा मला चालत असतानाच सुचला होता: 'रामनगर का लोहा, बनारस की हड्डी'. ही माझ्या काकांचीच फाउंड्री आहे हे मला माहीत होतं. त्याचा मला अभिमानच वाटत होता, की बघा, घरच्यांनाही सोडत नाही. पत्रक गल्ल्यागल्ल्यांतून गेलं, फोनवरून तर त्याहून लांब गेलं. त्याचं मराठी मीच केलं आणि ते याच पुरवणीत छापून आलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पत्रं पाठवली. शाब्बास म्हणालात. ती पत्रं मी जपून ठेवली आहेत.

नाना तेव्हा निवृत्त झाले होते, पण आठवड्यातून दोनदा फाउंड्रीत जायचे. पत्रक त्यांनी जेवणानंतर, चष्मा पुसून, दोनदा वाचलं. मी वाट बघत होते, की चिडतील.

"भाषा चांगली आहे," ते म्हणाले. "झाकण उचललंस का?"

"म्हणजे?"

"उचलून बघितलंस का खाली काय आहे?"

"नाना, ते काय पातेल्यावरचं झाकण आहे, उचलून बघायला? बाईचा पाय मोडलाय."

"हो, तो मोडलाय," म्हणाले, आणि पत्रकाची घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली. काकू आतून ओरडली, "तिला काय सांगताय? पुढारीण आहे ती. पुढाऱ्यांनी वाकायचं नसतं." नाना हसले. विषय संपला.

पुढे जे झालं ते मी तेव्हा विजय म्हणून मोजलं. मोर्चा निघाला, ठेकेदाराने हात वर केले, फाउंड्रीचं झाकणांचं काम थांबलं. छोट्या मालकाने ठरवलं की आता स्वतः ओतायचं नाही, बाहेरून तयार झाकणं आणून विकायची, आणि ती ठेवायला माळा रिकामा हवा. म्हणून देवदिवाळीनंतरच्या मंगळवारी, साडेअकराला, माळा रिकामा झाला.

तेव्हा गुन्हेगाराचं नाव. मालकाने माळ्यावर काय आहे ते पाहिलं नाही, ठेकेदाराने कडेवरच्या खुणा पाहिल्या नाहीत. पण पहिलं पाऊल माझं होतं. मी, ज्योत्स्ना धामणकर, वय अठ्ठावीस. मी हाड मोडलेली बाई पाहिली आणि झाकण पाहिलं नाही.

हे मला कुणी पटवून दिलं नाही. गुलाबो काठी घेऊन परत जागेवर बसायला लागली होती, तिच्याकडे मी फुलं घ्यायला थांबले. ती म्हणाली, "पर्चा तो बढ़िया रहा, बिटिया. ढक्कन अब भी नाचता है." मी पाय ठेवून पाहिला. खड्. एवढा मोर्चा झाला, फाउंड्रीचं काम बंद झालं, आणि ज्या झाकणावरून सगळं झालं त्याला कुणी हात लावला नव्हता. घरी आले आणि नानांना म्हटलं, "उचलायचं कसं असतं ते झाकण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना, लालजी मिस्तरी आणि मी. लालजींनी खांद्यावर पहार आणली होती. झाकण उचलून उभं केलं, नानांनी धोतराच्या सोग्याने कड पुसली आणि मला म्हणाले, "वाच." मासा, तीन ठिपके. मग चौकटीची कड पुसली. "हे वाच." पणती, एक ठिपका. ते उठले, गुडघ्यांवर हात ठेवून चार क्षण उभे राहिले, आणि गल्लीत पुढे चालू लागले, खाली बघत. वीसेक पावलांवर दुसरं झाकण होतं. त्यावर पणती, एक ठिपका. चौकटीवर मासा, तीन ठिपके. गटार साफ करायला माणसं आली होती, त्यांनी दोन्ही झाकणं एकदम काढली आणि जाताना हाताला आलं तसं ठेवून दिलं. एवढंच. तेवढ्यात त्याच कामावरचा मुन्ना तिथून चालला होता, त्याला मी आवाज चढवून विचारलं की खुणा दिसत नाहीत का. तो गोंधळून म्हणाला, "निशान? हम समझे कंपनी का मार्का है, दीदी. बताया कौन?"

मला वाटलं आता नाना त्याला फैलावर घेतील. नाना म्हणाले, "ठीक कहता है." मग माझ्याकडे वळून, हळू: "खूण केली मी. वाचणाऱ्याला सांगायला नको होतं का? बोट करून दाखवायला नको होतं? अर्धंच काम झालं." आणि तिथेच, गटाराच्या काठावर उकिडवे बसून, त्यांनी मुन्नाला मासा म्हणजे काय, पणती म्हणजे काय, कुठली खूण कुठल्या खुणेसमोर आणायची ते दाखवलं. झाकणं बदलली. आपापल्या चौकटीवर. लालजींनी पहार काढली आणि आवाज आला तो खड् नव्हता, एक दबका, जड, छोटा आवाज होता... जसं भरलेल्या डब्याचं झाकण लागतं तसा.

"चल, नाच त्यावर," नाना मला म्हणाले.

"नाना, लोक बघतायत."

"मोर्च्यात नाचतेस की. नाच."

मी नाचले. गुलाबो हसून हसून खोकायला लागली. झाकण हललं नाही.

परतताना मी म्हटलं, आता आपण एक मोहीम काढू, 'कारागिरी वाचवा'. नाव तयार होतं, मथळाही. नाना थांबले. "कारागिरी-बिरागिरी वाचवू नका गं तुम्ही लोक. काचेच्या कपाटात ठेवाल. झाकण बसवा." मग त्यांनी मला ते सांगितलं जे त्यांनी तोवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं, निदान घरात तरी नाही. ही गल्ली मणिकर्णिकेला जाते. दिवसभर अर्थ्या, म्हणजे तिरड्या, स्मशानाकडे जातात. "ज्याच्या खांद्यावर अर्थी असते ना, तो खाली बघत नाही. बघूच शकत नाही. त्याच्या पायाखालचं दुसऱ्या कुणीतरी आधीच बघून ठेवलेलं असलं पाहिजे." एवढंच बोलले. मग काकूने आणायला सांगितलेली मेथी विसरली म्हणून मागे वळले.

मी त्यांना शब्द दिला की दुरुस्ती छापते. मोठ्या अक्षरात, पत्रकाएवढ्याच आकाराची. झाकण बरोबर होतं, जोडी चुकली होती. समितीत हे काढलं तेव्हा मंडळी म्हणाली, "अभी नहीं, दीदी. अभी माफ़ी छापेंगे तो सामनेवाले हँसेंगे. आंदोलन ठंडा हो जाएगा." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचंच होतं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. नानांनी पुन्हा विचारलं नाही. एकदाच, मी आंघोळीनंतर ओले केस बांधत घाईने निघाले होते तेव्हा, पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "छापखान्यात फार गर्दी आहे वाटतं." मी म्हटलं, "हो ना." बाविसाव्या दिवशी ते गेले. ज्या ओल्या प्रूफवर मी त्या सकाळी सही केली ते दुसऱ्याच एका मोर्च्याचं पत्रक होतं.

घाटावर बायकांनी जायचं नाही, असं कुणीतरी म्हणालं. काकू म्हणाली, "जाऊ दे तिला. नाहीतरी ऐकतेय कुणाचं." माझा भाऊ पुढे डावीकडे, लालजी मिस्तरी मागे उजवीकडे. लालजींनी खांदा द्यावा का, यावर भाऊबंदांत थोडी कुजबुज झाली. भावाने वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी मागून चालत होते. गुलाबोच्या जागेजवळचं झाकण आलं, चारही जणांचे पाय त्यावरून गेले, आवाज नाही. पुढचं आलं, आवाज नाही. त्यापुढे वळणावर, जिथे आम्ही त्या दिवशी पोचलोच नव्हतो, भावाचा पाय पडला आणि झाकण कलंडलं. खड्. तो एका गुडघ्यावर आला, अर्थी डावीकडे झुकली, नानांचं डोकं एका बाजूला घसरलं. मागून लालजींनी खांदा वर रेटला आणि म्हातारा अंगातली सगळी ताकद लावून ओरडला, "सँभाल के!" अर्थी सावरली. सगळे पुढे गेले. मी थांबले. गुडघे टेकले, ओढणीने कड पुसली. झाकणावर पान. चौकटीवर डमरू.

मी तिथे रडले असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी डमरू शोधत पुढे चालत गेले. मणिकर्णिकेच्या पायऱ्या सुरू होण्याआधीच्या शेवटच्या झाकणावर तो होता.

दहाव्या दिवशी हिंदी दुरुस्ती छापली. समितीला विचारलं नाही. मी, लालजी आणि मुन्ना गेले काही आठवडे सकाळी सात ते आठ गल्लीत झाकणं उचलतो. त्या गल्लीतली सगळी झाली, आता शेजारची चालू आहे. मुन्ना माझ्यापेक्षा लवकर खुणा वाचतो आणि मला त्याबद्दल टोमणे मारतो. फर्मे गेले ते गेले. ती झाकणं आता नव्याने कुणी ओतणार नाही. जी जमिनीत आहेत तेवढीच.

काकूने मला नानांची पट्टी दिली, ती लांब असलेली. मी ती हौसेने छापखान्यात नेली आणि दुरुस्तीच्या पत्रकाचे समास तिनेच आखले. छापखानेवाला ओरडत आला, मजकूर कागदाबाहेर जातोय. तीन वेळा जुळवून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं. मी खाली बसून हसत राहिले, आणि तो बिचारा मला पाणी आणायला गेला. आता ती पट्टी माझ्या टेबलावर असते, मापायला नाही. लिहायला बसले की ती हाताने बाजूला सरकवावी लागते, आणि सरकवताना प्रत्येक वेळी नानांचा तो झाकणाचा प्रश्न येतो. उत्तर 'नाही' असेल तर मी उठते, चप्पल घालते आणि आधी जाऊन बघून येते. पत्रकं कमी निघतात आता.

राहिलं मराठीचं. माझं ते पत्रक तुम्ही याच पुरवणीत वाचलंत. तुमच्यातल्या अनेकांनी कात्रण काढून ठेवल्याचं कळवलं होतं. मला शाब्बास म्हणताना तुम्हीही झाकण उचललं नव्हतंत. तुम्ही कसं उचलणार, मीच उचललं नव्हतं. पण कात्रण तुमच्या घरात आहे आणि त्यात माझ्या काकांचं काम खोटं पाडलेलं आहे. तर उठा, ते काढा. पेन घ्या, पेन्सिल नको. मथळ्यावर आडवी रेघ मारा आणि खाली लिहा: झाकण बरोबर होतं, जोडी चुकली होती. आणि शेजारी त्यांचं नाव लिहा, पूर्ण, कारण ते आजवर कुठल्याच कामावर लिहिलेलं नाही. वासुदेव रामकृष्ण धामणकर. उद्या नाही. आत्ता.